कोणीच न बांधलेली भिंत

गच्चीवर खाटेवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत होते आणि सई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून भूगोल पाठ करत होती. वार्षिक परीक्षेचे दिवस आले की जळगावात मेहरूणमधल्या आमच्या गल्लीत दुपारभर हाच एक आवाज असतो. एका घरातून विज्ञान, दुसऱ्या घरातून इतिहास, आणि मधूनच कूलर दुरुस्त करणाऱ्याची हाळी. निंबाची पिवळी पानं खाटेवर गळत होती आणि मी ती बिबड्यांवरून वेचून टाकत होते. "वली पर्वत, गट पर्वत, ज्वालामुखी पर्वत, अवशिष्ट पर्वत," सईनं एका दमात म्हणून टाकलं. मग जरा थांबून म्हणाली, "सातपुडा हा गट पर्वत आहे. आई, गट म्हणजे शेताचा असतो तोच का, गट नंबरवाला?"

माझ्या हातातलं पान हातातच राहिलं. हाच प्रश्न माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, मला विचारला होता. मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, भूगोल घेऊन. मी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचत होते, नाना विळ्याला धार लावत होते, आणि एकदम मान वर करून म्हणाले, "सातपुडा? त्याना गट नंबर काय शे वं?" ज्या माणसाचं सगळं आयुष्य एका गट नंबरात गेलं, त्याला डोंगराचाही सातबारा असणार असं वाटलं तर नवल नाही. मी पोट धरून हसले होते. सईवर मात्र मला हसू आलं नाही.

तिला सांगितलं, गट म्हणजे ठोकळा. जमीन ताणली गेली की तिला भेगा पडतात, नुसत्या मातीला नाही, पार खोलवर खडकाला. दोन भेगांच्या मधला तुकडा कधी उभा राहतो आणि बाजूचे खाली जातात, तर कधी मधलाच खाली बसतो. उभा राहिला तो गट पर्वत, बसली ती खचदरी. हवा स्वच्छ असली तर आमच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. सई उठून कठड्यापाशी गेली, डोळ्यांवर हात धरून पाहत राहिली.

"मग तापी?"

"खचदरीतून वाहते."

"आणि आपण?"

"आपण तापीच्या खोऱ्यात."

"म्हणजे आपण खचलेल्या भागात राहतो?" तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अख्खं जळगाव? सावदा, भुसावळ, सगळं?"

मी मान हलवली. ती खाली बसली. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि गच्चीच्या फरशीवर तळहात टेकवून बघितला, ती अजून जागेवर आहे ना म्हणून. मला तिचं कौतुक वाटलं, खरंच सांगते. पाठ करणारी मुलं पुष्कळ असतात, पण वाचलेल्या ओळीचा धक्का बसणारी थोडी. मलाही हे ऐकून पहिल्यांदा असंच गरगरलं होतं. सातपुडा वर चढून बसलाय असं आम्ही जन्मभर समजत होतो. आपण खाली गेलोय, ही शक्यता कोणाच्याच डोक्यात आली नव्हती.

कॉलेजच्या त्या शेवटच्या वर्षीचा फाल्गुन-चैत्र मला अजून वासासकट आठवतो. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, कापून झाली होती, खळ्यावर कडब्याच्या पेंढ्यांचा ढीग होता. हरभऱ्याचा हुळा भाजल्याचा धूर अंगाच्या कपड्यांना लागायचा. बांधावरचा पळस पेटलेला, आणि काळ्या जमिनीला पाय अडकेल एवढ्या भेगा. आमचं गाव धुळ्याहून साक्रीच्या रस्त्याला लागून आत, उघड्याबोडक्या टेकड्यांमधलं. आणि आमच्या शेताच्या कडेनं गेलेली ती भिंत.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना कसं सांगावं? पुरुषभर उंचीची, काही ठिकाणी त्याहून उंच, काळ्या दगडाची सरळ भिंत. दगड असे नीट चौकोनी, एकावर एक रचून ठेवल्यासारखे, की बघणाऱ्याला शंकाच येऊ नये. ती आमच्या वावरातून निघायची, नाल्यात उतरायची, पलीकडे चढायची, टेकडीवरून जायची आणि थेट नजर पोचेल तिथपर्यंत उगवतीकडे निघून जायची. गावात आमच्या घराला भिंतवाले म्हणत. भिंतीच्या पलीकडच्या घरालाही भिंतवालेच म्हणत. ते घर आप्पांचं.

नाना आणि आप्पा चुलत-चुलत भाऊ. त्यांचे आजे सख्खे भाऊ. नानांचं म्हणणं असं की भिंत नानांच्या आजानं एकट्यानं बांधली, दुसरा भाऊ तेव्हा निंबाखाली झोपा काढत होता. आप्पांचं म्हणणं अगदी हेच, फक्त झोपणारा नानांचा आजा. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "नाना, आपलं वावर तर नाल्यापर्यंतच आहे. मग पणजोबा टेकडीवर कशाला बांधत गेले?" नाना जरासुद्धा न अडखळता म्हणाले, "मना आजा एकदाव कामले लागना का थांबे नही." मला ते पूर्णपणे पटलं. कामाला लागला की न थांबणारा पणजोबा मिळाल्याचा मला अभिमानच वाटला.

माझ्या जन्माच्या आधी कधीतरी आप्पांनी त्यांच्या विहिरीचं थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं कुंड, बांधायला भिंतीतले काही दगड काढले होते. नाना म्हणाले, मना आजानी भिंत तोडी. आप्पा म्हणाले, मना आजानी, मी काय बी करसू. त्यावर दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच. लग्नात एकमेकांच्या पंगतीला नाही, मयताला लांबून. बायकांचं बोलणं मात्र कधीच थांबलं नव्हतं. भिंतीला गाडीवाटेपुरती एक खिंड होती, तिथे माझी माय आणि काकू, म्हणजे आप्पांची बायको, भेटायच्या, विरजण द्यायच्या-घ्यायच्या, आणि घरी आल्यावर दोघी गप्प. पुरुषांनी आपापला आजा सांभाळला होता आणि बायकांनी ती खिंड.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात आखाजीला पितरांसाठी पाण्याची घागर पुजतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. सगळे घरात पुजतात, आमच्याकडे घागर भिंतीपाशी जायची. आमच्या बाजूला एक शेंदूर लावलेला दगड होता, आजाची जागा म्हणून. भिंतीच्या पलीकडे, बरोबर पाठीला पाठ लावून, आप्पांचा शेंदराचा दगड. दोघं भाऊ एकाच सकाळी येत, आपापल्या बाजूनं घागर ठेवत, आणि मधल्या दगडांमुळे एकमेकांना न दिसता परत जात. खोकल्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा. नाना घरी येऊन म्हणायचे, "खोकला वाढेल दिखस त्याना."

कॉलेजात भूगोलाच्या बाई भूपट्ट शिकवत होत्या. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या, शिकवताना पदर कमरेला खोचणाऱ्या. पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत आणि ते सरकतात, हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, दूधवाल्यानं उद्या येणार नाही सांगावं तसं. मी वहीत उतरवून घेतलं आणि मग लिहिणं थांबलं. सरकतात? म्हणजे आत्ताही? बाई म्हणाल्या, आत्ताही. आपला भारत ज्या तुकड्यावर आहे तो उत्तरेकडे सरकत सरकत आशियाला जाऊन धडकला. मधे समुद्र होता, त्याच्या तळाचा गाळ दोन्हीकडून दाबला गेला, त्याला घड्या पडल्या, तो वर आला. तो हिमालय. तिथे उंचावर समुद्रातल्या शिंपल्यांचे अवशेष सापडतात. आणि ही ढकलाढकली अजून संपलेली नाही. "किती वेगानं सरकतो?" कोणीतरी विचारलं. "साधारण तुमची नखं वाढतात तेवढ्या," बाई म्हणाल्या. सगळा वर्ग आपापल्या बोटांकडे बघायला लागला.

मग त्यांनी विचारलं, "धुळ्याच्या आसपास शेतात लांबच लांब दगडी भिंत पाहिलीय का कोणी?" माझा हात आपोआप वर गेला. "बाई, आमच्या शेतात आहे. माझ्या पणजोबांनी बांधली."

"किती लांब आहे?"

"दिसते तिथपर्यंत."

"आणि त्याच्या पुढे?"

"पुढेही आहे."

बाई माझ्याकडे काही क्षण बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. "मग सहल तिकडेच नेऊ," त्या म्हणाल्या. मी त्या दिवशी बसमधून घरी गेले ती आनंदात. कॉलेज आमची भिंत बघायला येणार होतं.

नानांनी दोन दिवस तयारी केली. स्वच्छ धोतर, नवी टोपी, ताकाचा माठ, मायच्या हातच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. मुलं बसमधून उतरली तसे नाना पुढे झाले आणि भिंतीवर हात ठेवून त्यांनी सुरुवात केली. "ही भिंत मना आजानी बांधी. बठ्ठी. एकलानी." बठ्ठी म्हणजे सगळीच्या सगळी. पलीकडून कोणीतरी घसा खाकरला. आप्पा तिथे आहेत हे नानांना कळलं, आणि त्यांनी आवाज आणखी चढवला. "त्याना भाऊ तवय निंबखाले झोपेल व्हता."

बाईंनी त्यांना शेवटपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाल्या, "नाना, तुमचं उपरणं देता का जरा?" उपरणं जमिनीवर पसरलं, दोन मुलांना दोन टोकं धरून आत ढकलायला लावलं. मधे घड्या उठल्या. "हा हिमालय, वली पर्वत." मग तिघींना खांद्याला खांदा घट्ट लावून उभं केलं, मधली मी. कडेच्या दोघींना म्हणाल्या, बाजूला सरका. त्या सरकल्या आणि मी, जी त्यांच्यावर रेलून उभी होते, धपकन खाली बसले. सगळे हसले. "ही खाली बसली ती तापीची खचदरी. उभी राहिली ती सातपुडा." नानाही हसले. त्यांना हे सगळं नाटक आवडलं होतं.

मग बाई वावरातल्या एका रुंद भेगेपाशी गेल्या, माठातलं ताक घेतलं आणि भेगेत ओतलं. नानांचा जीव तीळतीळ तुटला असणार, ताक ते! "समजा हे ताक वरून नाही, खालून आलं," बाई म्हणाल्या. "जमीन ताणली गेली, तिला लांबच लांब भेग पडली, आणि खालून तापलेला रस वर आला. तो भेगेतच थंड होऊन दगड झाला. आजूबाजूचा खडक त्यामानानं मऊ. पाऊस, ऊन, वारा यांनी तो कोट्यवधी वर्षांत झिजून खाली गेला. कठीण दगड उभा राहिला. थंड होताना त्याला तडे जातात, म्हणून तो रचल्यासारखा दिसतो. ही भिंत कोणी वर चढवलेली नाही. बाकीची जमीन खाली गेलीय."

एका मुलानं माझ्याकडे बघून ओठ दाबले. मला आठवतं ते एवढंच की नाना अजून भिंतीवर हात ठेवून उभे होते, जसा माणूस आपल्या बैलाच्या पाठीवर ठेवतो तसा.

"मंग कोनी बांधी, बाई?" नानांनी विचारलं.

"कोणीच नाही, नाना."

"कोनीच नही?"

तेवढ्यात भिंतीच्या वर एक पागोटं आलं. आप्पा पलीकडच्या दगडावर चढले होते. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा आमच्या बाजूला असा पहिल्यांदाच बघत होते. "बाई," आप्पा घाबऱ्या आवाजात म्हणाले, "मना आजानी बी नही का?"

"नाही हो आप्पा. तुमच्याही नाही."

आता मात्र वर्गाला हसू आवरेना. हसलो नाही ते नाना, आप्पा आणि मी. नाना खालून वर बघत होते, आप्पा वरून खाली, आणि दोघांच्या तोंडावर एकच भाव होता. दोघांचं एकाच वेळी घर लुटलं गेलं होतं आणि चोर कुठेच नव्हता. मला वाटलं, आता बोलतील. एक शब्द तरी. आप्पांचं पागोटं हळूच खाली गेलं.

बाईंना ते जाणवलं असावं. निघताना त्या नानांना म्हणाल्या, "नाना, वाईट वाटून घेऊ नका. सोनार तुटलेली पाटली सांधतो ना, तसं आहे हे. जमीन इथे फाटली होती. ही भिंत म्हणजे तिथे दिलेला डाख आहे. दोन्ही बाजू तिनंच धरून ठेवल्यात." नानांनी हात जोडले. बस गेली. धूळ बसेपर्यंत नाना रस्त्याकडे बघत उभे राहिले.

त्यानंतरचे दिवस घरात विचित्र होते. नाना जेवायचे, कामाला जायचे, पण बोलायचे नाहीत. मी अभ्यासाला बसले की येऊन बसायचे. एकदा म्हणाले, "ती बाई खरं सांगस का वं?" मी हो म्हटलं. मग पुष्कळ वेळानं, "आम्ही बांध समजनूत. अन् डाख शे म्हने." आणि आणखी एकदा, मायला, चुलीपाशी बसून, "आजानी नही बांधी तं मंग आप्पानी दगड काढात ते कोना काढात?" माय भाकरी थापत होती. ती थांबली नाही. "कोनाच नही," ती म्हणाली. "आते तरी बोली ल्या ना."

दुसऱ्या दिवशी नाना मला म्हणाले, "आखाजीले बोलसू. घागर ली जासू तवय. पहिले तुना पेपर व्हऊ दे." ही गोष्ट त्यांनी ठरवली तेव्हा त्यांचा आवाज इतका मोकळा होता की मी मायकडे बघितलं, आणि माय विनाकारण परातीतलं पीठ पुन्हा मळायला लागली. मला माहीत होतं, हे माझ्या पेपरसाठी नव्हतं. एवढ्या वर्षांनी पहिला शब्द कोणता बोलायचा हे त्यांना शोधायचं होतं. तो सापडायला त्यांना वेळ हवा होता, आणि माझी परीक्षा हे चांगलं निमित्त होतं.

मधे एक सांगते. परवा आम्ही सावद्याला गेलो होतो, सईच्या वडिलांचं तिकडे केळीच्या कामासाठी जाणं असतं. तापीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना केळीच केळी, आणि समोर सातपुडा जवळ जवळ येत जातो. सई खिडकीतून बघत होती. "आई," ती म्हणाली, "हे सगळं इतकं हळू झालं, मग कोणाला कळलंच नसेल ना?" मी म्हटलं, कळायला तेव्हा माणूस नव्हताच. "नाही," ती म्हणाली, "मी पर्वताचं म्हणतेय. त्याला तरी कुठे कळलं असेल, तो पर्वत होतोय ते." पुस्तकात पर्वत कसे होतात ते चार ओळींत असतं. धडकून होतात, फाटून होतात, पेटून होतात, झिजून उरतात. ते वाचलं की वाटतं, एक दिवस ठरवून काहीतरी घडलं असेल. घडत काहीच नाही. नख वाढतं तेवढंच. आणि मग एक दिवस बघावं तर मधे हिमालय. अबोला असाच झाला असणार, दगड काढले त्या दिवशी नव्हे, तर त्यानंतरच्या रोजच्या दिवशी.

तर त्या वर्षी माझ्या शेवटच्या पेपरला पर्वतांचे प्रकार सोदाहरण स्पष्ट करा असा प्रश्न आला. मी उपरण्याच्या घड्यांपासून ताकापर्यंत सगळं डोळ्यांसमोर आणून लिहिलं, पुरवण्या मागून लिहिलं. गट पर्वतापाशी नानांचा प्रश्न आठवून परीक्षेच्या हॉलमध्ये एकटीच हसले. उन्हातून बसनं फाट्यावर उतरले ती उड्या मारतच. आणि समोर नाना. बोडक्या डोक्यानं, भर उन्हात.

नाना टोपीशिवाय घराबाहेर पडत नसत. मला वाटलं, माय.

"आप्पानी वाचा गयी, ज्योती," नाना म्हणाले.

सकाळी विहिरीवरची मोटर बघून आप्पा ओट्यावर बसले आणि एका बाजूला कलले. अंगावरून वारं गेलं. धुळ्याच्या दवाखान्यात नेलं, जीव वाचला, उजवी बाजू आणि बोलणं गेलं. काकू धावत खिंडीतून आली होती ती सरळ नानांकडे, आणि नानांनीच गाडी बोलावली होती, नानांनीच उचलून आत ठेवलं होतं. दवाखान्यापर्यंत आप्पांचं डोकं नानांच्या मांडीवर होतं. हे सगळं त्यांनी मला फाट्यावर उभ्या उभ्या सांगितलं. मग म्हणाले, "मी आखाजीले बोलनार व्हतू." आणि पुन्हा एकदा, मला नव्हे, रस्त्याला सांगावं तसं, "आखाजीले बोलनार व्हतू ना मी."

मला रडूही आलं नाही. कोट्यवधी वर्षांचे हिशेब मी नुकतेच पेपरात लिहून आले होते, आणि या दोघांना आखाजीपर्यंतचे दोन आठवडे पुरले नव्हते.

आखाजी आली. माहेरवाशिणी आल्या, निंबांना झोके बांधले गेले, खापरावर पुरणपोळ्या झाल्या, आंब्याचा रस झाला. सकाळी नानांनी घागर भरून खांद्यावर घेतली. डांगर माझ्या हातात दिलं. आम्ही भिंतीपाशी गेलो, शेंदराच्या दगडापाशी. नाना तिथे थांबले, दगडाकडे बघितलं आणि पुढे चालू लागले. खिंडीतून पलीकडे. मी नानांना त्या वाटेनं जाताना आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. माय मागून येत होती, तिनं तोंडाला पदर लावला होता.

आप्पा अंगणात निंबाखाली खाटेवर होते. झोपणाऱ्या आजाची जागा, असं एरवी कोणीतरी म्हणालं असतं. नानांनी घागर त्यांच्या खाटेजवळ ठेवली, तिच्यावर डांगर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. काकू मला हळूच म्हणाली, "आते त्यासले एकच शब्द येस. बठ्ठासले 'नही' म्हनतस." आणि ते दिसलंच. तिनं विचारलं, "पानी देऊ?" आप्पा म्हणाले, "नही." तिनं तांब्या तोंडाला लावला आणि त्यांनी तो सगळा रिकामा केला. नाना हे बघत होते.

नाना खाटेच्या कडेला बसले. आप्पांचा निर्जीव हात मांडीवर घेतला. नखं वाढली होती. नानांनी बंडीच्या खिशातून नखं काढायची नराणी काढली, म्हणजे ठरवूनच आणली होती, आणि एकेक बोट धरून नखं काढायला लागले. बराच वेळ नुसता नखांचा आवाज. मग खाली मान घालूनच त्यांनी विचारलं.

"आप्पा, ही भिंत मना आजानी बांधी का रे?"

"नही," आप्पा म्हणाले.

नानांनी मान हलवली. दुसरं बोट घेतलं. "तुना आजानी?"

"नही."

आता नाना थांबले. निंबाचा मोहर खाटेवर, आप्पांच्या पांढऱ्या केसांवर पडत होता.

"मनावर राग शे का आते बी?"

आप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. चांगल्या डोळ्यातून पाणी आलं, पण आजारात ते तसंही येत असे. तोंड वाकडं झालं, ओठ जुळवायला त्यांना फार वेळ लागला.

"नही."

नाना उठले. उपरण्यात नखं गोळा केली, आप्पांचा हात छातीवर नीट ठेवला आणि निघाले. परत येताना मी त्यांच्या मागे होते, आणि माझ्या जिभेवर ते वाक्य सारखं येत होतं की नाना, ते सगळ्यालाच नाही म्हणतात, पाण्यालाही म्हणाले, तुम्ही बघितलंत ना. मायनं माझा हात दाबला. खिंडीत आल्यावर नाना थांबले. भिंतीच्या काळ्या दगडावर हात ठेवला, ऊन चढल्यानं तो तापला होता, तरी काढला नाही.

"ज्योती, तू शिकेल शे, तू सांग," ते म्हणाले. "पहिला दोन उत्तरं बरोबर शेतस ना?"

"बरोबर आहेत, नाना."

"मंग," नाना म्हणाले, "तिसरं बी बरोबर धरसू."